शिकायला आलेल्या मुली

माझ्या मुलाला व्यायामासाठी आम्ही ज्या सेंटरमध्ये न्यायचो, तिथल्या फिजिओथेरपिस्टनं एक दिवस मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी काही विद्यार्थिनी आल्या तर चालतील का?"

युनिव्हर्सिटीत समाजकार्य शिकणाऱ्या मुली होत्या त्या. आजारी मूल असलेल्या घरात जायचं, घरच्यांशी बोलायचं, त्यांचं कसं चाललंय ते समजून घ्यायचं, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. बहरीनी घरं त्यांना मिळत होती. पण बहरीनमध्ये निम्मी माणसं बाहेरून आलेली, आणि पुढे हॉस्पिटलात नोकरी लागली की समोर तीच येणार. तेव्हा एखादं भारतीय घर मिळालं तर बरं, असं त्यांच्या प्राध्यापकबाईंना वाटत होतं.

संध्याकाळी मी घरी विषय काढला. माझे मिस्टर हिद्दच्या बाजूला एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. ते नुकतेच शिफ्टवरून आले होते.

"आपलं घर म्हणजे काय प्रदर्शन आहे का?" ते म्हणाले. "येतील, पाहतील, फोटो काढतील अन् जातील. कायले पाहिजे?"

मुलगा हॉलमध्ये व्हीलचेअरवर बसून ऐकत होता. तेव्हा चौदा वर्षांचा होता. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. मी इथे त्याचं बोलणं मराठीत लिहिते आहे, कारण आता आठवताना ते मला मराठीतच ऐकू येतं.

"येऊ द्या ना, पप्पा," तो म्हणाला. "कोणीतरी घरी येईल तरी."

खरंच कोणी येत नव्हतं. तो लहान होता तोवर सुट्टीच्या दिवशी विदर्भातली दोन-चार कुटुंबं एकमेकांकडे जेवायला जायचो. मग त्याची खुर्ची आली. कोणाच्या बिल्डिंगला पायऱ्या, कोणाच्या घरात जागा नाही. आमच्याकडे यावं, तर त्यांची मुलं पळायची आणि हा बघत बसायचा; ते त्यांनाही बघवायचं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी तोडलं नाही. येणं आपोआप थांबलं.

आजार स्नायूंचा होता. पाच वर्षांचा असताना जिन्यावर सारखा पडायचा, म्हणून डॉक्टरकडे नेलं. आधी इथे, मग नागपूरला, मग मुंबईला. सगळीकडे तेच सांगितलं. आधी पाय जातील, मग हात, मग छाती. औषधानं वेग कमी होईल, बाकी काही नाही. आम्ही परत गेलो नाही त्याचं कारणही हेच. नागपूरला आमच्या गल्लीत खुर्ची दहा पावलं सरळ चालणार नाही. इथे सनाबिसच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, फूटपाथला उतार आहेत, समोरच मॉल आहेत. तिथल्या गुळगुळीत फरशीवर तो एकटा स्वतःची खुर्ची चालवू शकायचा. मिस्टरांनी एकदा ठरवलं ते ठरवलं. गावाकडचं घर त्यांनी भाड्यानं देऊन टाकलं.

मुली आल्या त्या दिवशी मी पोहे केले होते, तर्री न घालता, आणि आलं घालून चहा. चार मुली आणि त्यांच्या प्राध्यापकबाई. सगळ्या काळ्या पायघोळ अबायात, एकीच्या पायात गुलाबी बूट. त्या बुटांकडे बघून माझा मुलगा हसला आणि तीही हसली. ती सौदीची होती. समुद्रावरचा कॉजवे ओलांडून रोज शिकायला बहरीनला यायची. बाकी तिघी इथल्याच.

मी ट्रे समोर ठेवला. एकीनंही हात लावला नाही. "शुक्रन, खालती, शुक्रन," म्हणजे 'आभार, मावशी', म्हणत छातीवर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, थोडं तरी घ्या. पुन्हा तेच. त्या प्राध्यापकबाईंकडे बघत होत्या आणि बाई जमिनीकडे.

मी ट्रे उचलून आत नेला आणि ओट्यापाशी उभी राहिले. माझी आई सांगायची, गावात आमच्याकडे वरच्या जातीची माणसं कामानिमित्त यायची, ओसरीवर बसायची, पण पाणी विचारलं की त्यांची तहान जायची. ते सगळं मागे टाकून आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, समुद्र ओलांडून आलो. या मुलींना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं, हे मला कळत होतं. तरी चहावर साय धरेपर्यंत मी तिथेच उभी होते.

बाहेर आले तर प्रश्न सुरू झाले होते. सौदीच्या मुलीच्या हातात फोन होता आणि त्यातून ती एकेक प्रश्न इंग्रजीत वाचत होती. घरात किती माणसं, घरखर्च कसा चालतो, रात्री मुलाला कुशीवर कोण वळवतं, तुम्हाला झोप मिळते का. सगळे प्रश्न मलाच. मुलगा शेजारी होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मग तिनं पुढचा प्रश्न वाचला.

"आजार पुढे कसा वाढत जाईल आणि आयुष्य साधारण किती, याबद्दल कुटुंबानं मनाची तयारी केली आहे का?"

वाचून झाल्यावर आपण काय विचारलं ते तिच्या लक्षात आलं असावं. तिचा चेहरा उतरला. प्राध्यापकबाई अर्ध्या उठल्या.

मी घाईनं म्हणाले, "तो व्यायाम करतो. बरं वाटतंय त्याला. सुधारणा आहे."

"आई," मुलगा म्हणाला, "मला माहीत आहे. मी कधीच वाचलंय सगळं."

आम्ही त्याच्यापुढे तो विषय कधी काढला नव्हता. बोलायचोही हळू आवाजात, किचनचं दार लोटून. तो काय काय वाचतो, काय काय ऐकतो, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो त्या मुलीला शांतपणे म्हणाला, "वीस-पंचवीस. कधी जास्त. पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्या गेल्यावर मी त्याच्यापाशी बसले. तोच म्हणाला, "पोहे आण ना. त्यांचेही मीच खातो." तेव्हा त्याला स्वतःच्या हातानं खाता यायचं, कोपर टेबलावर टेकवून. मी बघत बसले. मिस्टर आतल्या खोलीत होते, मुली येण्याआधीच जाऊन बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते बाहेर आले, त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि पुन्हा आत गेले.

दोन दिवसांनी प्राध्यापकबाई एकट्याच आल्या. हातात खजुराचा डबा होता. दारातच म्हणाल्या, "मी आज युनिव्हर्सिटीतर्फे आलेली नाही. चहा द्याल का?"

त्या मुहर्रकच्या होत्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. हिंदी त्यांना बऱ्यापैकी समजायची. लहानपणी बाब अल बहरीनजवळच्या बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान होतं, तिथे कानावर पडलेली. आम्ही इंग्रजीत आणि हिंदीत मिळून बोललो.

"आमची पुस्तकं अमेरिकेतली," त्या म्हणाल्या. "अरबीत आणलेली. त्यात लिहिलंय, भेटीला गेल्यावर त्या घरचं खाऊ-पिऊ नये, अंतर राहत नाही. मी मुलींना वर्गात तेच सांगितलं होतं. तुम्ही ट्रे आत नेलात तेव्हा मी तुमची पाठ पाहिली."

त्यांनी कप उचलून चहा प्यायला आणि आणखी मागितला.

मग त्या स्वतःबद्दल बोलू लागल्या. त्या कुवेतला शिकल्या होत्या. तिथे अभ्यासाचा भाग म्हणून त्यांना आधी एका शाळेत पाठवलं होतं, कारण तिकडे समाजकार्य शिकलेल्यांना शाळेतच नोकरी मिळायची. वर्षभर त्यांनी मुलींच्या गैरहजेरीची कारणं विचारली. मग हॉस्पिटल. तिथे पहिल्याच आठवड्यात एका आजीनं त्यांना पलंगावर शेजारी बसवून घेतलं आणि तासभर स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंनी नंतर विचारलं, पेशंटची समस्या काय? प्राध्यापकबाईंना सांगता आलं नाही. मार्क गेले. आजी पुढच्या आठवड्यात वारली.

"अजून मला कळत नाही की मी काय चुकले," त्या म्हणाल्या. "आणि आता मीच मार्क देते."

जाताना त्यांनी मुलाची परवानगी मागितली. माझी नाही, त्याची. ती सौदीची मुलगी फार रडली आहे, तिला माफी मागायला यायचं आहे, येऊ देशील का? मुलगा म्हणाला, "येऊ दे. पण तिला सांगा, फोन बॅगेत ठेव."

ती आली आणि मग येतच राहिली. बाईंनी तिच्या त्या सत्राच्या प्रत्यक्ष कामासाठी आमचंच घर ठरवून दिलं. आठवड्यातून एकदा, दुपारी. बाईंचा हुकूम असा होता की पहिले तीन आठवडे एकही प्रश्न विचारायचा नाही. नुसतं बसायचं. ती बिचारी बसायची. सुरुवातीला दोघं एकमेकांकडे बघून हसायची, मग हा तिला मोबाइलवरचे खेळ शिकवू लागला, मग मराठी. तिला 'ळ' म्हणता येईना. "केळं" म्हणायला लावून तो हसून हसून दमायचा. त्याला दम लागला की ती घाबरायची. मग मी तिला त्याला पुढे कसं वाकवायचं, पाठीला कुठे आधार द्यायचा ते दाखवलं. ती ते नीट शिकली. तिचे हात मऊ होते आणि घाई नव्हती त्यांना.

ती सांगायची, तिच्या गावी आजारी माणसाला बायकांनी भेटायचं तर बायकांच्याच विभागात. इथे बहरीनला तसं कमी. तिच्या भावाला ती काय शिकते तेच नीट माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, शिक्षिका होणार. एकदा तिनं घरून मोठ्या डब्यात मच्छबूस आणला, त्यांच्याकडचा मसाल्याचा मांसभात, आईनं केलेला. मुलानं मिटक्या मारत खाल्ला आणि म्हणाला, "तुझ्या आईला सांग, मिरची कमी आहे." तिनं ते खरंच सांगितलं. पुढच्या वेळी इतकं तिखट आलं की मिस्टरांच्याही डोळ्यांत पाणी आलं. तोवर ते आत जाऊन बसायचं सोडून हॉलमध्ये पेपर वाचत बसू लागले होते.

मे महिन्यात सत्र संपलं. शेवटच्या दिवशी ती वेगळीच वागत होती. खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली आणि पाठ केल्यासारखी बोलू लागली. आज आपली शेवटची भेट. या भेटींमधून मी काय शिकले ते मला सांगायचं आहे. तुला काय मिळालं ते तू सांगू शकतोस. यानंतर मी येणार नाही, कारण माझं काम इथे पूर्ण होतं.

मुलगा ऐकत राहिला. "थँक यू," म्हणाला. एवढंच. ती उठली, माझ्या गळ्यात पडली, मग पटकन सोडून लिफ्टकडे गेली.

दार लावून मी वळले. तो म्हणाला, "मी तिचा होमवर्क होतो, आई."

"असं नसतं रे," मी म्हटलं.

"असंच असतं. होमवर्क झाला, वही बंद."

नंतर दोन दिवस तो नीट जेवला नाही. मी नागपूरला माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिनं तिकडे समाजकार्यातच एमएसडब्ल्यू केलं आहे, आता एका संस्थेत काम करते. तिला सगळं सांगितलं.

"ताई, ते आम्हालाही शिकवतात," ती म्हणाली. "शेवट करायचा असतो. न सांगता नाही जायचं, सांगून जायचं. नाहीतर समोरचा वाट पाहत राहतो."

"मग तू करायचीस का?"

"माझं कुठं एका घरात काम होतं? आमचं सगळं वस्तीत. बचत गट, पथनाट्य, दहा दिवसांचं ग्रामीण शिबिर. शिबिर संपलं की आमची गाडी यायची अन् सगळं गाव रस्त्यावर. आम्ही गाडीत गाणी म्हणत परत यायचो. एक म्हातारी मला लय जीव लावत होती. मी तिला म्हटलं होतं, येते परत. नाही गेली मी. तुझ्याकडच्या पोरीनं निदान खोटं नाही सांगितलं."

मी तिला चहाचंही सांगितलं. ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "आमच्या सरांनीही सांगितलं होतं, कोणाकडे काही घेऊ नका. मी वर्गात उभी राहिले अन् म्हटलं, सर, आमच्या वस्तीत पाणी नाकारलं तर त्याचा अर्थ दुसरा होते. सर म्हणाले, बस खाली. मी बसले. पण पाणी पीत राहिले सगळीकडे."

पुढच्या वर्षी प्राध्यापकबाईंचा फोन आला तेव्हा मी मुलालाच विचारलं. मला वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, "येऊ दे. पण नियम माझे." नव्या मुली आल्या. त्यानं त्यांना बसवलं आणि सांगितलं, चहा घ्यायचा. प्रश्न मला विचारायचे, आईला नाही. आणि आजच सांगायचं, शेवटचा दिवस कोणता. त्या मुली बावरल्या. बाई मागे बसून डोळे पुसत होत्या.

असं चार वर्षं चाललं. दर वर्षी वेगळ्या मुली, एकदा दोन मुलगेही. काही चांगल्या होत्या, काही नुसत्या वेळ काढायला यायच्या. ते त्याला पाच मिनिटांत कळायचं. दर वर्षी त्याचं एकेक काहीतरी कमी होत होतं. एका वर्षी कप उचलायचा थांबला. एका वर्षी मान धरायला पट्टा लागला. मग झोपताना श्वासाचं मशीन आलं. आलेल्या मुलींना हे दिसायचं नाही, कारण त्या त्याला एकाच वर्षात बघायच्या. दिसायचं ते बाईंना. दर वर्षी पहिल्या भेटीत दारातून आत येताना त्या क्षणभर थांबायच्या, त्याच्याकडे बघायच्या आणि मग जोरात "सलाम आलेकुम" म्हणायच्या.

सौदीच्या मुलीला तो अधूनमधून मेसेज पाठवायचा. ईदला, तिच्या वाढदिवसाला. कधी नुसतं एक केळ्याचं चित्र. तिचं उत्तर कधी आलं नाही. तो मला विचारायचा, "पोचलं असेल ना?" फोनवर निळ्या खुणा दिसायच्या. पोचलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याला सर्दी झाली. तशी दर वर्षी व्हायची. या वेळी ती छातीत उतरली. हॉस्पिटलात नेलं, आयसीयूत ठेवलं. तो एकोणीस वर्षांचा होता. बोलता येत नव्हतं, तोंडावर मास्क होता, पण डोळे उघडे होते. वॉर्डातली सोशल वर्कर आम्हाला भेटायला आली आणि मी तिला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकायला आलेल्यांपैकी होती. तीही ओळखून जागीच थांबली. मग तिनं माझ्याशी बोलायच्या आधी काचेच्या आत जाऊन त्याच्याजवळ खाली वाकून काहीतरी सांगितलं. त्यानं डोळे मिचकावले. तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तो सकाळी गेला. आम्ही दोघंही जवळ होतो.

त्याला आम्ही इथेच निरोप दिला. मिस्टरांची माणसं म्हणत होती, नागपूरला आणा. पण तो तीन वर्षांचा असताना इथे आला होता, त्याचं सगळं इथेच होतं. आमच्या लोकांनी सगळी धावपळ केली. जी कुटुंबं येईनाशी झाली होती तीही आली, पांढऱ्या कपड्यांत, आणि आमच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसून बुद्धवंदना म्हटली. आता जागा होती. खुर्ची मिस्टरांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर सौदीची मुलगी. ती आता दम्मामच्या एका हॉस्पिटलात नोकरीला होती. चेहरा मोठा झाला होता. ती माझ्याजवळ खाली सतरंजीवर बसली. मग म्हणाली, "खालती, मी त्याचे सगळे मेसेज वाचले. प्रत्येक. काम संपल्यावर संबंध ठेवायचा नाही, असं आम्हाला लिहून दिलेलं असतं. मी ते पाळलं. केळ्याचं चित्र आलं की मी घरी 'केळं, केळं' म्हणून बघायची. मला अजून येत नाही."

मला तिचा राग आला नाही आणि तिला समजावण्याइतकी ताकदही नव्हती. मी म्हटलं, "तो विचारायचा, पोचलं का."

ती तोंडावर हात धरून रडली. बाईंनी तिला थांबवलं नाही. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा केला, कमी गोड, आणि सगळ्यांना दिला.

नंतरचे महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मिस्टरांनी त्याचं रेसिडेंट कार्ड रद्द करायचं काम एकट्यानंच उरकलं. मी सकाळी उठून सवयीनं त्याच्या खोलीत जायची. त्याचा पलंग आणि मशीन सेंटरला दिलं. तिथे एक केरळचं जोडपं होतं, त्यांचा मुलगा सात वर्षांचा, तोच आजार. त्याच्या आईनं मला विचारलं, "सुरुवातीला काय करायचं?" मी तिला पाठीचा आधार दाखवला. बाकीचं सांगवेना.

यंदा बाईंचा फोन आला नाही. येणार नाही हे मला माहीत होतं. मग मीच केला. मी म्हटलं, "मुलींना पाठवा." त्या म्हणाल्या, "घरी नको. तुम्ही वर्गात या. नाही जमलं तर मध्येच उठून जा."

मिस्टर मला सोडायला आले. म्हणाले, मी गाडीत थांबतो. वर्गात वीस-पंचवीस मुली होत्या, मागे काही मुलगे. बाईंनी माझी ओळख करून दिली, ही एक आई आहे, एवढीच. मी उभी राहिले आणि मला एक शब्द फुटेना. बाई मध्ये पडल्या नाहीत. कोणी फोन काढला नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं उठून मला खुर्ची दिली आणि माझ्यासमोर पाणी ठेवलं. मी पाणी प्यायले.

मग तिनंच विचारलं, "त्याला खायला काय आवडायचं?"

मी सांगू लागले. पोहे, त्याच्यावर जास्त शेव. बिल्डिंगखालच्या, इथे कोल्ड स्टोअर म्हणतात त्या किराणा दुकानातला एकच ठरावीक चॉकलेटचा केक. तिखट मच्छबूस. सांगता सांगता मी कुठून कुठे गेले. त्याच्या पडण्याचं सांगितलं, त्याच्या विनोदांचं, मास्कच्या वरच्या डोळ्यांचं. तास संपायची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही. एक मुलगी रडत होती आणि ती लपवत नव्हती. बाईंनी तिला काही म्हटलं नाही.

खाली आले तर मिस्टर गाडीत एसी लावून बसले होते.

"काय विचारलं त्यांनी?"

"त्याला काय आवडायचं."

ते गाडी चालवत राहिले. सीफच्या वळणावर गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलानं जात होत्या.

"शुक्रवारी मी त्याला हिद्दला न्यायचो न, जहाजं पाहायले," ते म्हणाले. "एकदा त्यानं मला विचारलं, पप्पा, मी गेल्यावर तुम्ही कुठं राहाल? मी म्हटलं, असं नाही बोलायचं. तो म्हणाला, नाही, सांगा. आईला इथं एकटं नका ठेवू. तिला गावाला घेऊन जा. तिथं तिला बोलायला माणसं आहेत."

"मला कधी नाही सांगितलं तुम्ही."

"त्यानं सांगितलं होतं, आईला नका सांगू."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. आम्ही थोडं पुढे सरकलो. मी त्यांना विचारलं, मग तुम्ही त्याला काय उत्तर दिलं? ते म्हणाले, "हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार."

गावाकडच्या घरातल्या भाडेकरूला मिस्टरांनी घर सोडायला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. मी अजून सामान बांधायला घेतलेलं नाही. बाई अधूनमधून चहाला येतात आणि बराच वेळ बसतात.